घाटावर की घाटात?

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी असा त्यांचा व्यवहार असतो. अशा घरांतील मुलांना मराठी शब्द पुष्कळ येतात. अडते ते लहानशा प्रत्ययापाशी. 'बाबा घर पर हैं' याचे शब्दशः मराठी केले, तर 'बाबा घरावर आहेत' असे होते आणि ऐकणारा छपराकडे पाहू लागतो! येथे 'बाबा घरी आहेत' असेच म्हटले पाहिजे.

स्थळ दाखविण्यासाठी मराठीत 'त', 'ई' हे सप्तमीचे प्रत्यय आणि 'वर, खाली, जवळ, समोर' यांसारखी शब्दयोगी अव्यये वापरतात. ती नामाच्या सामान्यरूपाला जोडून लिहावीत : गंगेत, पायरीवर, घाटाजवळ. 'घाटा वर' असे तोडून लिहू नये. इंग्रजीत असे शब्द नामाच्या आधी येतात. तेथे आत असल्यास 'इन' व पृष्ठभागावर असल्यास 'ऑन' म्हणतात. स्पॅनिश भाषेत मात्र या दोहोंसाठी 'एन' हा एकच शब्द चालतो. त्यामुळे इंग्रजी शिकणारा स्पॅनिश भाषक जेथे गोंधळतो, तसेच काहीसे हिंदीतील 'पर' मराठीत आणताना आपले होते.

आंब्याच्या झाडाचे उदाहरण घ्या. माकड झाडावर बसते, पण लंगडा आंबा झाडाला लागतो. हिंदीत दोन्हीकडे 'पेड़ पर' चालते. मराठी मात्र बाहेरून येऊन बसलेले आणि झाडातूनच उपजलेले यांत भेद करते. नावेचेही असेच आहे. प्रवासी उतरविण्यासाठी नाव घाटाला लागते; डागडुजीसाठी ओढून पायऱ्यांवर घेतली, म्हणजे ती घाटावर असते. आजी दारात उभी राहते, पण भाजीवाला दारावर येतो. याला सरळ नियम नाही. कानाला सवय लावावी लागते.

'घाट' या शब्दाची गंमत तर निराळीच आहे. काशीत आपण घाटावर स्नान करतो. मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी बोरघाटात अडकते. पहिला घाट पायऱ्यांचा, दुसरा डोंगरातील वाटेचा. शिवाय कोकणातील माणूस 'घाटावर गेलो' म्हणतो, तेव्हा तो सह्याद्री चढून देशावर गेलेला असतो. नाम एकच आहे. अर्थ प्रत्ययावरून व बोलणाऱ्याच्या गावावरून ठरतो.

पैठणच्या संत एकनाथांनी 'एकनाथी भागवत' हा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण केला. ग्रंथ काशीत पूर्ण होतो, यात्रेकरू काशीला किंवा काशीस जातो. गती असेल तेथे 'ला' अथवा 'स' आणि वास्तव्य असेल तेथे 'त', हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

पावसाळ्यात गंगा चढते व खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. अशा वेळी 'मुलगा पाण्याजवळ आहे' आणि 'मुलगा पाण्यात आहे' ही वाक्ये ऐकणाऱ्याने एकच समजून कसे चालेल?

स्वाध्याय
मणिकर्णिका घाटाजवळ रत्नेश्वर महादेवाचे कललेले मंदिर आहे. त्याचा गाभारा वर्षातील बराच काळ पाण्यात असतो. 'त, वर, खाली, जवळ, समोर' यांचा उपयोग करून या मंदिराचे पाच वाक्यांत वर्णन करा. नंतर आपल्या घरापासून बाजारापर्यंतची वाट, ती कधीही न पाहिलेल्या पाहुण्याला सापडेल अशी लिहा.