हजारे बडोद्याला गेले तेव्हा : प्रा. देवधरांची टीम आणि आपलं वर्कशॉप

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वाळूज आणि चिकलठाण्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, पोराला दोन वर्षं मशीन शिकवली. हात बसला, आणि मोठ्या कंपनीनं जास्त पगार देऊन उचलला. मग शिकवायचं तरी कशाला?"

उत्तरासाठी आधी जुन्या पुण्यात जाऊ.

प्रा. दि. ब. देवधर, जन्म १८९२. स. प. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. घर चालायचं नोकरीवर, जीव क्रिकेटमध्ये. नोकरी सांभाळून धंदा उभा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२६ मध्ये इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला, तेव्हा मुंबईत त्यांच्याविरुद्ध देवधरांनी १४८ धावा काढल्या. वय ३४. पण भारताची पहिली कसोटी झाली १९३२ मध्ये, तोवर हे चाळिशीचे. कसोटी खेळायला मिळाली ती नाहीच.

इथे बरेच जण बॅट भिंतीला टांगतात. देवधरांनी महाराष्ट्राचा संघ बांधायला घेतला. आजच्यासारखा कोच, ट्रेनर असा ताफा तेव्हा नसायचा. कर्णधार हाच मास्तर. १९३९-४० मध्ये महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. त्या दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध खुद्द कर्णधारानं २४६ काढल्या, वय ४८! (आपलं औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, हैदराबादचा संघ वेगळा, आणि त्यानं १९३७-३८ मध्ये हाच करंडक जिंकलेला.)

आता मुद्द्याचा माणूस: सांगलीचे विजय हजारे. वय २४. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. पण मला त्या डावातला दुसराच आकडा जास्त आवडतो. नवव्या विकेटसाठी नगरवालांबरोबर २४५ धावांची भागीदारी झाली होती. म्हणजे शेपटाकडचा माणूसही उभा राहिला, म्हणून मोठा खेळाडू ३१६ पर्यंत पोचला. आपल्याकडे सगळं लक्ष हुशार ऑपरेटरवर असतं, हेल्परला काही शिकवायचं राहूनच जातं.

पुढे काय झालं? हजारे गेले, आणि गेले कुठे, तर त्याच बडोद्याकडे! १९४२-४३ चा करंडक बडोद्यानं नेला, हजारे त्या संघात. तेव्हा संस्थानांकडे पैसा होता, खेळाडूला नोकरी देऊन सांभाळायची ताकद होती. होळकरांनी तर सी. के. नायडूंना इंदूरला नेलं होतं. प्राध्यापक कर्णधार त्या पगाराशी कुठून स्पर्धा करणार? महाराष्ट्राला पुन्हा रणजी करंडक मिळालेला नाही, आजपर्यंत.

मग देवधर चुकले का? मला नाही वाटत. हजारेंना जपून, मागे ठेवून खेळवलं असतं, तर ते दोन करंडकही आले नसते. चांगला माणूस तुमच्याकडे तीन वर्षं राहणार असेल, तर त्या तीन वर्षांचं पूर्ण काम घ्या, पूर्ण शिकवा. खरी भीती वेगळी आहे: तो जाताना सोबत काय काय जातं?

म्हणून या आठवड्यात एक काम करा. वही घ्या, तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसाचं नाव लिहा. तो उद्या आला नाही तर काय अडेल, ते खाली लिहा. मशीनचं सेटिंग फक्त त्याच्या डोक्यात आहे? मग जॉबनुसार एका कागदावर उतरवून मशीनजवळ लावा. पार्टीचे फोन त्याच्या मोबाइलवर येतात? दुकानाचा वेगळा नंबर घ्या, आजच. कच्चा माल कुठून, काय भावानं, हे त्यालाच माहीत? पुढची खरेदी तुम्ही स्वतः करा. आणि रोज अर्धा तास हेल्परला त्याच्या शेजारी उभा करा, नुसता झाडू मारायला नाही, बघायला.

पगार वाढवून माणूस थांबतो का, हा वेगळा विषय आहे. थोडा थांबतो, पण मोठ्या कंपनीची कॅन्टीन, बस आणि पीएफ तुम्ही देऊ शकत नाही, हे धरून चाला. जाणाऱ्याचा हिशेब मात्र त्याच दिवशी चुकता करा, चहा पाजून पाठवा. त्याच्या नव्या कंपनीतून उद्या जॉबवर्क येऊ शकतं.

आणि ज्यांना वाटतं आपलं वय गेलं, त्यांच्यासाठी: हजारे गेल्यावर तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, नवानगरविरुद्ध देवधरांनी एकाच सामन्यात दोन शतकं ठोकली. वय ५२.