घरामागची अडगळ आणि गांवाचा नियम

पावसाळ्याच्या तोंडावर आरमोरीच्या आसपास कोणत्याहि गांवांत फिरलें तर घरामागें बहुधा एकच देखावा दिसतो. जुन्या छपरावरून उतरविलेल्या कवेलूंची रास, भिंतीला टेकलेलें मोडक्या बंडीचें चाक, फुटका माठ, गंजलेला पत्रा, मोटारसायकलीचे झिजलेले टायर आणि तणसाच्या ढिगाला वाऱ्यानें येऊन चिकटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. ग्रामपंचायतीनें हें हलवावयास सांगितलें कीं घरधनी म्हणतो, "जागा माझी, वस्तु माझी, पंचायतीला त्याचें काय?" हा प्रश्न उर्मटपणाचा नाहीं. त्याचें नीट उत्तर आपल्या उपदेशक बंधूंस देतां यावें म्हणून आजच्या पाठास आम्हीं तोच घेतला आहे.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत खड्ड्याविषयींचा नियम आहे. कोणी खड्डा खणून उघडा ठेविला आणि त्यांत दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेलें, तर खड्डेवाल्यानें भरपाई द्यावी असें तेथें सांगितलें आहे. खड्डा कोणाच्या जागेंत आहे हें तो नियम विचारीत नाहीं. नुकसान कोणाचें झालें तेवढेंच पाहतो. शेतकरी मंडळीस हा दाखला लागलीच पटतो, कारण बैलाची किंमत त्यांस ठाऊक आहे.

आमच्या गांवांतील उघडा खड्डा म्हणजे तो टायर. डेंग्यूचा डांस घाणेरड्या डबक्यापेक्षां घराजवळच्या भांड्यांत व टायरांत सांचलेलें स्वच्छ पाणी अधिक पसंत करितो. मादी पाण्याच्या कांठाला किंचित् वर, ओलसर भागावर अंडीं घालते. आणि हीं अंडीं पाणी आटल्यावरहि कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून उन्हाळ्यांत कोरडा पडलेला टायर निरुपद्रवी समजूं नये. पहिल्या पावसाचें पाणी त्यांत शिरलें कीं अंडीं फुटतात, आणि उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत डांस उडावयास लागतो. आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून घासून कोरडीं करण्याची जी रीत आरोग्यसेवक सांगतात तिचें कारण हेंच आहे. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. कडा घासली पाहिजे. हा डांस दिवसा चावतो आणि त्यास शेजाऱ्याचें कुंपण आडवें येत नाहीं.

येथें एक सावधगिरी. टायर काढले म्हणून हिवताप जाईल असें मंडळींत कोणीं सांगूं नये. गडचिरोलीच्या रानांतील हिवतापाचे डांस मुख्यत्वें नाले, ओहोळ व झिरपे अशा ठिकाणीं वाढतात. त्यावर मच्छरदाणी, फवारणी आणि ताप येतांच रक्ततपासणी हाच उपाय. एका कामास दुसऱ्याचें श्रेय दिलें म्हणजे पुढच्या वर्षीं ताप आल्यावर लोकांचा दोहोंवरचा विश्वास उडतो. कवेलूंच्या राशींत व लाकडांखालीं साप-विंचू आसरा घेतात हें मात्र आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

आतां नियमांकडे वळूं. ते आजचे नाहींत. हा मुलूख मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यांत होता तेव्हां गांव स्वच्छ ठेवण्याचा भार मुकद्दमावर असे, आणि १९२० सालीं त्या प्रांतांत ग्रामस्वच्छतेसाठीं स्वतंत्र कायदाहि झाला होता. पुढें १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें तें काम पंचायतीकडे आलें. त्याच्या ५३ व्या कलमानें सार्वजनिक रस्त्यावर वा मोकळ्या जागेंत अडथळा करणारास दंड होतो व पंचायतीस तो अडथळा काढून टाकतां येतो. आरमोरीस स्वतः नगर परिषद असल्यामुळें तेथें १९६५ चा नगर परिषदांचा कायदा चालतो. रस्ता, उघडें मैदान, नाली व जलाशय यांत कचरा टाकण्यास व तो उघड्यावर जाळण्यास केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या नियमांनीं मनाई केली; आणि २०१८ च्या मार्चांत महाराष्ट्रानें पातळ पिशव्यांवर बंदी घालून पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठेविला. मजूर माणसानें हा आंकडा एकदां मोठ्यानें वाचावा.

परंतु नियमाचें बंधन एकट्या रयतेवर नाहीं. रतलाम शहरांतील एका वस्तीच्या रहिवाशांनीं उघड्या गटारांविषयीं व घाणीविषयीं दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली होती. नगरपालिका म्हणाली, पैसा नाहीं. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती सबब मानली नाहीं. सार्वजनिक उपद्रव दूर करविण्याचा तोच अधिकार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमांत आहे, व त्याखालीं उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो.

आम्हांस जें विशेष सांगावयाचें आहे तें पुढेंच आहे. एका गांवीं (त्याचें नांव येथें सांगत नाहीं) स्वच्छतेचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं एका विधवा बाईच्या घरामागचे चार पत्रे व बांबू उचलून नेण्यांत आले. रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर पडलेला एका बड्या घरचा गिट्टीचा ढीग तसाच राहिला. त्या बाईनें पत्रे गोठ्याच्या छपरासाठीं दोन वर्षें सांभाळले होते. श्रीमंताची बचत बँकेंत असते, गरिबाची घरामागें. तिला कचरा म्हणणें म्हणजे त्याचें घर लुटणें होय. त्याच रविवारीं आम्हीं तेथें स्वच्छतेवर उपदेश केला. उपासना संपल्यावर एका लहान मुलानें आमचा हात धरून प्रार्थनागृहाच्या मागें नेलें. तेथें एक टायर व एक बिनझांकणाचें पिंप होतें, आणि दोहोंत अळ्या वळवळत होत्या. दोन्ही वस्तु आम्हींच तेथें ठेवविल्या होत्या.

तेव्हांपासून अडगळीविषयीं ठराव लिहावयाचा झाल्यास आम्ही 'घाण' आणि 'कुरूप' हे शब्द त्यांत येऊं देत नाहीं. ते ज्याच्या हातीं सत्ता त्याच्या सोयीनें वळतात. वस्तूंत पाणी सांचतें काय, ती वाटेवर आली आहे काय, विहिरीस किंवा तलावास तिचा उपसर्ग होतो काय, एवढेंच विचारावें. पत्रे विटांवर उंच रचून उतरते ठेविले, टायर छपराखालीं टांगले किंवा भोंकें पाडून मातीनें भरले, तर मालकाची वस्तु त्याच्याकडे राहते व शेजाऱ्याचा धोका टळतो. आधीं सूचना, मग पंधरा दिवसांची मुदत, मग दंड; आणि पहिली सूचना पंचायत कार्यालय, शाळा व प्रार्थनागृह यांस. जें खरोखर विकावयाचें आहे तें एके ठिकाणीं गोळा करून भंगारवाल्यास त्याच दिवशीं बोलवावें, म्हणजे दोन पैसे घरोघर जातात व ठराव कडू लागत नाहीं.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशीं भरते. हा विषय १ मे रोजीं मांडला तर आपल्याकडे पाऊस लागावयास पांच-सहा आठवडे मिळतात. १५ ऑगस्टपर्यंत थांबल्यास टायर केव्हांच भरून गेलेले असतात.