डबा कुठे शोधायचा?

जिओकॅशिंग म्हणजे सॅटेलाइटच्या मदतीने खेळलेली लपाछपी. कोणीतरी डोंगरात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तिथेच ठेवायचा. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि ३ मेला ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला!

हॉस्टेलवाल्यांना लोहगड सोयीचा. आकुर्डीहून लोकलने मळवली, पुढे भाजे गावातून चालत. पण आधी आकडे तपासा. १८ अंश ४२.५ मिनिटं म्हणजे १८.४२५ नव्हे. ४२.५ ला ६० ने भागा, १८.७०८ येतं. (मी कॉन्व्हेंटवाली, 'अंश' वाचताना अडखळतेच, पण गणित तेच.) ही गल्लत झाली की तुम्ही ३१ किमी दक्षिणेला!

दुसरं, मशीन सरळ रेषेतलं अंतर दाखवतं. लोहगड नि विसापूरच्या मध्ये गायमुख खिंड आहे. नुसतं बाणामागे गेलात तर कड्याशीच पोहोचाल. म्हणून कंटूरचा नकाशा बघा, रेषा चिकटल्या तिथे कडा. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटर चुकतो, कड्याखाली सिग्नल दगडावर आपटून येतो नि चूक वाढते. विंचूकाट्याच्या अरुंद सोंडेवर ५ मीटरही खूप झाले. पावसाळ्यात तिथला बेत नकोच.

स्वतः डबा लपवणार असाल तर तटात किंवा टाक्यात अजिबात नाही, ते संरक्षित स्मारक आहे. पायथ्याला जागामालकाला विचारून ठेवा. डबा पारदर्शक घ्या आणि वर खेळाचं नाव लिहा, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून कोणीतरी पोलिसांना बोलावेल.