उसातील एका लहान पतंगाचे नामकरण
(परिसर-अभ्यास व सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठ-टिपण)

पाठाचा हेतू : प्राण्याची नवी जात शास्त्रात कशी नोंदली जाते, हे परिचित पिकाच्या उदाहरणाने समजावून देणे, नेमके निरीक्षण व नेमके नाव यांचा शेतीशी असलेला संबंध विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे.

विषयप्रवेश : देवळाली प्रवरा व राहुरी तालुक्यातील आसपासच्या गावांतील मुलांस ऊस नवा नाही. उसाच्या कांड्यावर लहानसे छिद्र व त्यातून बाहेर पडलेला ओलसर भुसा त्यांनी अनेकदा पाहिलेला असतो. ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न विचारून पाठास आरंभ करावा. ‘किडीने’ हे उत्तर येईल. ‘कोणत्या किडीने?’ हा पुढचा प्रश्न आहे, आणि शास्त्राचे काम तेथूनच सुरू होते.

विषयविवेचन : ऊस पोखरणाऱ्या अळ्या अनेक प्रकारच्या आहेत. त्यांपासून होणारे पतंग लहान, गवती रंगाचे व दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. डोक्यापुढे चोचीसारखी निघालेली स्पर्शांगे ही त्यांच्यातील पुष्कळांची खूण होय. या साम्यामुळे भारतातील ऊसपतंगांच्या ओळखीत पूर्वी बरीच गल्लत होती. ती दूर करण्यासाठी भारतीय कीटकशास्त्रज्ञ ए. पी. कपूर यांनी या पतंगांचा तौलनिक अभ्यास केला व १९५० साली तो लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कांडी पोखरणाऱ्या पतंगास ‘प्रोसेरास इंडिकस’ असे नाव दिले. योगायोग असा, की लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगामही १९५०-५१ चाच होता.

नव्या जातीचे वर्णन करण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम नमुने जमवून प्रत्येकाबरोबर स्थळ, दिनांक व खाद्यवनस्पती यांची चिठ्ठी ठेवतात. नंतर पंखांचा रंग, ठिपके व शिरा, डोके आणि स्पर्शांगे यांचे वर्णन लिहितात. वरून सारख्या दिसणाऱ्या पतंगांचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. खरा भेद बहुधा तेथे सापडतो. त्यानंतर जवळच्या ज्ञात जातींशी तुलना करून ही जात त्यांहून कशी वेगळी, हे सांगतात. शेवटी एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे शंका आल्यास पुन्हा त्याच नमुन्याकडे जावे लागते.

प्राण्यांच्या द्विपद नामाची गणना लिनीयसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून करतात. नाव एकदा दिले म्हणजे ते अढळ झाले असे मात्र नाही. पुढील अभ्यासकांनी कपूर यांच्या पतंगास ‘कायलो’ या प्रजातीत घेतले, आणि मॉरिशसहून १८५६ साली वर्णिलेल्या ‘सॅकॅरिफॅगस’ या जातीची उपजात मानले. ‘सॅकॅरिफॅगस’ म्हणजे साखर खाणारा. म्हणून आज ‘कायलो सॅकॅरिफॅगस इंडिकस (कपूर, १९५०)’ असे लिहितात. मूळ प्रजाती बदलली, हे कंस सांगतो. प्रथम वर्णन करणाऱ्याचे श्रेय मात्र कायम राहते.

नावाचा उपयोग : खोडकीड व कांडीकीड यांच्या अळ्यांत घोटाळा होणे सोपे आहे. खोडकिडीच्या अळीच्या पाठीवर पाच जांभळट रेघा असतात, तर कांडीकिडीच्या पाठीवर चार. खोडकीड कोवळ्या उसात, पहिल्या तीन-चार महिन्यांत शिरते व मधला पोंगा वाळवते. तो ओढताच हाती येतो. त्या वेळी वाळलेले कोंब अळीसह काढणे व बुंध्याशी हलकी माती लावणे उपयोगी पडते. कांडीकीड कांडी धरल्यापासून तोडणीपर्यंत राहते व रसाची प्रत घटवते. तिच्यासाठी खालचे वाळलेले पाचट काढणे, तसेच अंडी नष्ट करणारे ट्रायकोग्रामा हे सूक्ष्म मित्रकीटक सोडणे, हे उपाय आहेत. ओळख चुकली तर उपाय चुकीच्या महिन्यात होतो, आणि वर्षाच्या श्रमाचा तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो. एका रेघेचा भेद असा घरच्या हिशेबापर्यंत पोहोचतो.

विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावयाचे कार्य : शेतमालकाच्या अनुमतीने पोखरलेले एक कांडे आणावे. औषध फवारलेल्या शेतात मुलांस नेऊ नये. शिक्षकांनी स्वतः कांडे उभे चिरून दाखवावे. अळी सापडल्यास तिच्या पाठीवरील रेघा भिंगातून मोजून घ्याव्यात. स्थळ, दिनांक, पीक, रंग व खुणा या पाच बाबी प्रत्येकाने वहीत लिहाव्यात. जे दिसले तेवढेच लिहावे. तर्काने भर घालू नये. नंतर वह्यांची अदलाबदल करून, केवळ वर्णनावरून दुसऱ्यास ती अळी ओळखता येते काय, हे पाहावे. ज्याचे वर्णन वाचून ओळख पटेल, त्याला पाठ समजला असे मानावे.

प्रश्न :
१. पतंगाबरोबर स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी का ठेवतात?
२. शास्त्रीय नावातील कंसाचा अर्थ काय?
३. खोडकीड व कांडीकीड यांतील दोन भेद सांगा.
४. आपल्या गावात या किडींना कोणती नावे आहेत? घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.