गोंडकालीन कोटाच्या खुणा : कळमेश्वर ते नागपूर

'नागपूरचा किल्ला' म्हटले की सीताबर्डीच्या टेकडीवरील तटबंदी डोळ्यांपुढे येते. परंतु तो किल्ला १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी उभारला. त्यापूर्वी दीर्घकाळ ज्या कोटाने हे शहर राखले, तो मात्र आजच्या गजबजलेल्या वस्तीत विरून गेला आहे.

या कोटाची कथा देवगडच्या गोंड राज्यापासून सुरू होते. तेथील राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि बादशहाकडून आपल्या राज्याला मान्यता मिळविली. दिल्लीचे वैभव पाहून परतलेल्या या राजाने बाहेरून शेतकरी, कारागीर व व्यापारी आणून मुलूख लागवडीखाली आणला. इ. स. १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या लहान लहान वाड्या एकत्र करून त्याने नागपूर वसविले.

नव्या वसाहतीच्या या काळाची आठवण नागपूरच्या पश्चिमेस असलेले कळमेश्वरही सांगते. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. गावाच्या मध्यभागी उंचवट्यावर असलेल्या जुन्या किल्ल्याची नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरमध्ये आढळते. बख्त बुलंदाच्या वेळी दिल्लीकडून आलेल्या एका हिंदू कुटुंबाने तो बांधला, अशी परंपरा तेथे दिली आहे. काळ्या मातीच्या सुपीक प्रदेशात वस्ती वाढली, की धान्य व माणसे यांच्या रक्षणासाठी गढी अथवा कोट उभारणे क्रमप्राप्तच होते.

राजधानीचा कोट

बख्त बुलंदाचा पुत्र चांद सुलतान याने नागपूर ही राजधानी केली आणि शहराभोवती तट बांधला. जुम्मा तलाव त्याच्याच कारकिर्दीतला. आज तो गांधीसागर म्हणून ओळखला जातो. त्याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उद्भवला. राणी रतनकुंवर हिने पहिले रघूजी भोसले यांना मदतीस बोलाविले आणि १७४३ च्या सुमारास सत्ता भोसल्यांच्या हाती आली. गोंड राजाचा मान व तनखा मात्र त्यांनी कायम ठेवला.

या तटाची खरी कसोटी डिसेंबर १८१७ मध्ये लागली. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या सेवेतील अरब सैनिकांनी शहर सोडले नाही. २४ डिसेंबर रोजी इंग्रज फौजेने जुम्मा दरवाजावर चढविलेला हल्ला अयशस्वी ठरला. अखेर वाटाघाटी होऊन अरब सैनिक ३० डिसेंबरला शहराबाहेर पडले.

विलय आणि अवशेष

१८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य खालसा झाले. काळ्या पाषाणाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला भोसल्यांचा भव्य राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. राजधानीला राखणारा राजाच उरला नाही, तेथे तटाचे प्रयोजनही संपले. शहर वाढत गेले आणि कोट वस्तीत लोपला.

तरीही तो पूर्णपणे पुसला गेलेला नाही. जुम्मा दरवाजा आज गांधी दरवाजा या नावाने महाल भागात उभा आहे. त्याच्या कमानीखालून रोज हजारो नागरिक ये-जा करतात; पण आपण जुन्या शहराची सीमा ओलांडीत आहोत, याची जाणीव किती जणांना असते?

महाराष्ट्रात प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांच्या संरक्षणासाठी १९६० चा अधिनियम आहे. परंतु गावोगावची प्रत्येक गढी शासनाच्या सूचीत येणे शक्य नाही. शाळा, ग्रंथालये आणि नगरपरिषदा यांनी आपल्या परिसरातील तट, बुरूज व दरवाजे यांची मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येईलही. परंतु त्याची नोंदच नसेल, तर तो कोठे होता हेही पुढच्या पिढीला कळणार नाही.