रक्तदाबाची ‘लघवीची गोळी’ आणि मूत्रपिंडाचे कार्य

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांस डॉक्टर पुष्कळदा मूत्रल औषध देतात. खेडोपाडी तिला ‘लघवीची गोळी’ असे म्हणतात. या गोळीने किडनी निकामी होते, असा एक समज लोकांत आढळतो आणि त्यापायी कित्येक रुग्ण ती परस्पर बंद करतात. याउलट काही जण वर्षानुवर्षे एकदाही रक्त न तपासता ती घेत राहतात. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. म्हणून या औषधाचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील सूक्ष्म नलिका यापैकी जवळजवळ सर्व पाणी व मीठ पुन्हा रक्तात शोषून घेतात आणि जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर पडते. मूत्रल औषधे मिठाचे हे पुनर्शोषण काही अंशी रोखतात. मिठाबरोबर पाणीही निघून जाते आणि रक्तदाब उतरतो. काही आठवड्यांनी लघवीचे प्रमाण पूर्ववत होते. परंतु रक्तवाहिन्या सैल राहत असल्याने औषधाचा गुण टिकतो.

क्लोरोथायझाइड हे या वर्गातील औषध १९५८ च्या सुमारास वापरात आले. हायड्रोक्लोरोथायझाइड व क्लोरथॅलिडोन ही त्याच जातीची सौम्य औषधे होत. फ्युरोसेमाइड अधिक तीव्र असून ते मुख्यतः सूज उतरविण्यासाठी देतात.

क्रिएटिनिन का वाढते?

रक्तातील द्रव व दाब कमी झाला की मूत्रपिंडाची गाळण्याची गती किंचित मंदावते आणि तपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसते. ही वाढ म्हणजे मूत्रपिंडाचा नाश नव्हे. मात्रा कमी केल्यावर ती बहुधा ओसरते. २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्या १६० रुग्णांपैकी काहींना क्लोरथॅलिडोन देण्यात आले. बारा आठवड्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. क्रिएटिनिनची वाढ त्यांच्यात अधिक आढळली, पण ती पुन्हा खाली येणारी होती. मूत्रपिंडाचा खरा शत्रू म्हणजे अनियंत्रित रक्तदाब. तो त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या निकामी करतो.

धोका केव्हा?

जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळा यांमुळे शरीरातील पाणी घटते. अशा वेळी मूत्रपिंड रक्त आत आणणारी वाहिनी रुंद करून आणि बाहेर नेणारी वाहिनी आवळून आपले काम चालू ठेवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या पहिली सोय बंद पाडतात. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या दुसरी सोय शिथिल करतात. त्यात मूत्रल औषधाने पाणी आणखी घटले, तर मूत्रपिंडाचे कार्य अल्पावधीत कोलमडू शकते. रापलेल्या उन्हात राबून आलेला शेतकरी अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी सहज घेतो. धोका नेमका तेथेच असतो.

मूत्रल औषधांमुळे रक्तातील सोडियम व पोटॅशियमही घटू शकते. मग पायांत गोळे येतात, थकवा वाटतो, वृद्धांस भ्रम होतो. स्पायरोनोलॅक्टोनने मात्र पोटॅशियम वाढते. मूत्रपिंड दुबळे असल्यास ही वाढ हृदयाला धोकादायक ठरते.

काय करावे?

गोळी सुरू करण्यापूर्वी, त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम यांची तपासणी करून घ्यावी. जुलाब-उलट्या झाल्यास, लघवी कमी झाल्यास किंवा उभे राहताना चक्कर आल्यास गोळी चालू ठेवावी की काही दिवस थांबवावी, हे डॉक्टरांस त्वरित विचारावे. वेदनाशामक गोळी त्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. जेवणातील मीठही कमी करावे. ते अधिक असल्यास औषधाचा गुण उणावतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या ग्रामसभेत सदस्यांनी, पालकसभेत शिक्षकांनी एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ कार्य होईल. गोळीची भीती नको, तिच्यावर लक्ष मात्र हवे.