इअरप्लग : योजना, विधी व निषेध

ठाण्यातील वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, कल्याणलगतच्या भिवंडीतील यंत्रमाग आणि उत्सवकाळातील ढोल-ताशा पथके यांमुळे कर्णनाद व बाधिर्याचे रुग्ण आपल्या परिसरातील वैद्यांना नवीन नाहीत. अतितीव्र शब्दांच्या श्रवणास चरकाचार्यांनी श्रोत्रेंद्रियाचा अतियोग म्हटले आहे. त्यामुळे अंतःकर्णातील ज्या संवेदनापेशी नष्ट होतात, त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून येथे निदानपरिवर्जनास अग्रस्थान द्यावे लागते.

मात्राविचार : अमेरिकेतील नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ध्वनी दिवसात ८ तासांपर्यंत चालतो, पुढे दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. कापसाच्या बोळ्याने पुरेसे संरक्षण मिळत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

पूर्वकर्म : प्रथम कर्णपरीक्षण करावे. कर्णस्राव, कर्णशूल, कर्णपटलास छिद्र, बाह्यकर्णाचा शोथ अथवा साठलेला कर्णगूथ असल्यास प्लग देऊ नये. आधी त्याची चिकित्सा करावी. कर्णपूरणानंतर कान कोरडा झाल्यावरच प्लग वापरावा.

प्रधानकर्म : हात स्वच्छ धुवावेत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कर्णपाळीचा वरचा भाग वर व मागे ओढावा, म्हणजे कर्णमार्ग सरळ होतो. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत सुमारे ३० सेकंद बोटाने धरून ठेवावा. नंतर दोन्ही कानांवर तळहात घट्ट ठेवून पाहावे. आवाज बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही असे समजावे.

पश्चात्कर्म : प्लग हळूहळू फिरवत काढावा, झटक्याने ओढल्यास कर्णपटलास इजा संभवते. मळलेला वा कडक झालेला फोम टाकून द्यावा. सिलिकॉनचे प्लग साबण-पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावेत.

विशेष सूचना : ८ तासांच्या पाळीत केवळ अर्धा तास प्लग काढून ठेवला, तर तो कितीही उत्तम असला तरी त्याचे सरासरी संरक्षण सुमारे १२ डेसिबलपुरतेच उरते. म्हणून गोंगाटात तो सतत हवा. याउलट रस्त्यावर व रेल्वे स्थानकात तो काढलाच पाहिजे. गाडीचा भोंगा ऐकू न येणे प्राणघातक ठरते. लहान मुलांच्या घशात प्लग अडकण्याचे भय असल्याने त्यांना कान झाकणारी बाह्य आवरणे द्यावीत.

एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास विलंब न लावता त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. प्लग लिहून देऊन आपले काम संपत नाही; रुग्णाकडून तो आपल्यासमोर एकदा घालून घ्यावा, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.